कार्ल्सबॅड रचनेत काळ्याने करायचं काय? आर्वी तालुक्यातल्या बुद्धिबळ क्लबमधला एक हरलेला डाव

पऱ्हाटी
मंडळी, डाव जरा सविस्तर टाकतोय. तूर काढणी संपल्यावर डोकं मोकळं झालंय, आणि हा डाव काही डोक्यातून जात नाही.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी क्लब भरतो. सहा पट, दोन डिजिटल घड्याळं, बाकी चटया. वर्षातून एकदा वर्धा नदीपलीकडच्या एका गावाशी सामना असतो. चार पट, प्रत्येकी एक तास, चाली वहीत लिहायच्या. यंदा मी दुसऱ्या पटावर, काळी मोहरी. समोर निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. सामना २-२ झाला. माझा डाव निघाला असता तर आम्ही जिंकलो असतो. तो सल आहेच. पण त्याहून मोठा सल असा की मी हरलो कुठे तेच मला कळत नाहीये. एकही मोहरा फुकट दिला नाही, कुठे फसलो नाही, तरी पस्तिसाव्या चालीपर्यंत माझा श्वास कोंडत गेला.

(चौकटी ए ते एच आणि १ ते ८ अशा लिहितो. मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची. × म्हणजे मारलं, कॅसलिंग म्हणजे राजाला हत्तीच्या आड नेणं.)

१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उंट जी५ उंट ई७ ६. ई३ कॅसलिंग ७. उंट डी३ घोडा बी-डी७ ८. वजीर सी२ हत्ती ई८ ९. घोडा एफ३ घोडा एफ८ १०. कॅसलिंग सी६ ११. हत्ती ए-बी१ उंट ई६ १२. बी४ हत्ती सी८ १३. बी५ घोडा एफ६-डी७ १४. उंट×ई७ वजीर×ई७ १५. बी×सी६ बी×सी६ १६. घोडा ए४ वजीर डी६ १७. हत्ती बी७ हत्ती ए८ १८. हत्ती सी१ हत्ती ई-सी८ १९. घोडा सी५ घोडा×सी५ २०. वजीर×सी५ वजीर×सी५ २१. हत्ती×सी५

इथून पुढे सी६ चं प्यादं सांभाळण्यातच वेळ गेला आणि शेवटी ते गेलंच. मग मारामारी होत होत हत्ती-प्याद्याचा शेवट आला. पांढरा राजा ई५, प्यादं डी५, हत्ती एच७. माझा राजा डी८, हत्ती बी१, चाल माझी. घड्याळात तीन मिनिटं. मी हत्ती ई१ वर नेऊन शह दिला. राजा डी६ वर आला, पुढच्या चालीला हत्ती एच८ चा शह दिसला. घाबरून राजा ई८ ला नेला. हत्ती एच८ शह, राजा एफ७, त्यांचा राजा डी७, आणि प्यादं निघालं. आठ-दहा चालींनी मी राजा आडवा केला.

गुरुजींनी हात मिळवला आणि एवढंच म्हणाले, "बी४ दिसल्यावर तुम्ही काय ठरवलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. खरंच काही ठरवलं नव्हतं. मोहरी चांगल्या घरात बसवत होतो, इतकंच.

जाणकारांनी सांगा, कुठे वळायला हवं होतं?

सातपुडा_सावली
डाव पूर्ण दिलात ते फार बरं केलं. बहुतेक लोक "हरलो, काय चुकलं" एवढंच विचारतात, मग सांगणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही.

गुरुजींचा प्रश्नच तुमचं उत्तर आहे. चौथ्या चालीला सी×डी५ झाली तेव्हाच पटाचा आराखडा ठरला. पांढऱ्याची सी फाईल (उभी ओळ) अर्धी उघडी, म्हणजे तिथे त्यांचं प्यादं उरलं नाही, आणि तशीच तुमची ई फाईल अर्धी उघडी. यालाच कार्ल्सबॅड रचना म्हणतात. वजिराच्या बाजूला त्यांची दोन प्यादी, ए आणि बी. तुमची तीन, ए, बी आणि सी. तरी हल्ला ते करतात, कारण दोन प्यादी पुढे ढकलून तुमच्या तिनांमधलं एक कायमचं दुबळं करायचं असतं. बी४, बी५, मग सी६ वर मारामारी, की सी६ ला प्याद्याचा आधार उरत नाही. अल्पसंख्याकांचा हल्ला म्हणतात तो हाच. म्हणूनच तुम्हाला चूक दिसली नाही. तो एका चालीत मारत नाही, वीस चालींत मारतो.

पहिला वळणबिंदू ११ वी चाल. हत्ती बी१ वर आला म्हणजे बी४ येणार हे उघड झालं. तिथे ए५ खेळायला हवं होतं. ए३ करून बी४ करायला त्यांना एक चाल जास्त लागते, आणि बी४ नंतर ए×बी४, ए×बी४ झालं की ए फाईल उघडून तुमच्या ए८ च्या हत्तीला घरबसल्या काम मिळतं. तुमच्या डावात तो हत्ती सी८ ला गेला आणि १७ व्या चालीला परत ए८ ला आला. नुसतं ए७ राखायला.

काळा_उंट
सहमत. फक्त ए५ पुरेसं नाही हेही सांगतो, नाहीतर पऱ्हाटीभाऊ पुढच्या वेळी ए५ खेळून पुन्हा वाट पाहत बसतील.

काळ्याचं खरं घर ई४ आहे. घोडा तिथे बसला, डी५ च्या प्याद्याने धरला आणि मागे ई८ चा हत्ती, की पांढऱ्याला राजाच्या बाजूला बघावंच लागतं. एफ८ चा घोडा जी६ ला, वजीर काळ्या घरांवरून राजाकडे, उंट जी४ ला. ते वजिराच्या बाजूला सी६ कुरतडत असताना तुम्ही त्यांच्या राजापर्यंत पोचायचं. दोघांची शर्यत असते. तुमच्या डावात धावणारे एकटेच होते.

एक जपा. घोडा ई४ वर ठेवण्याआधी उंट×ई४, डी×ई४, मग मधल्या मारामारीनंतर घोडा×ई४ अशी साखळी होते का ते दोनदा मोजा. मी दोनदा प्यादं गमावलंय तिथे.

अडाण_काठ
मले तं हे अल्पसंख्याक-फल्पसंख्याक नवीनच हाय भाऊ, पण डाव पटावर मांडून पाह्यला. १३. बी५ वर सी५ काहून नाई केलं? मले तं तेच पहिले दिसलं. आमच्या आजोबाईनं पारावर शिकवलं ते देशी बुद्धिबळ, प्यादं पहिल्या चालीलेही एकच घर सरकणार अन् जिथं पोचलं त्या फाईलचा मोहरा होणार. त्यात आजोबाचं एक म्हणणं पक्कं होतं, दुसऱ्याचं प्यादं अंगावर आलं तं बाजूनं निसटून जायाचं, त्याच्यासाठी थांबायाचं नाई.

सातपुडा_सावली
अडाण_काठ, अगदी योग्य चाल पाहिलीत. १३. ... सी५ १४. डी×सी५ उंट×सी५. डी५ चं प्यादं एकटं पडतं, पण हत्ती सी८ ला, उंट ई६ ला, सगळी मोहरी जागी. १५. उंट×एफ६ वजीर×एफ६ १६. घोडा×डी५ असा प्याद्याचा मोह पांढऱ्याला होईल, पण १६. ... उंट×डी५ ने घोडाच जातो, आणि सी५ चा उंट मारता येत नाही, कारण त्याला सी८ चा हत्ती धरून आहे. मोजून खात्री करा.

एकटं प्यादं दुबळं असतंच. पण ते चालतं-फिरतं दुबळेपण आहे, त्याच्या बदल्यात मोहऱ्यांना वाटा मिळतात. सी६ चं प्यादं मात्र बांधून ठेवलेलं.

१६ व्या चालीलाही सी५ होतं, घोडा ए४ आल्यानंतर. १७. डी×सी५ घोडा×सी५ १८. घोडा×सी५ हत्ती×सी५. पांढरा थोडा बरा, पण तुम्ही श्वास घेताय. तुम्ही वजीर डी६ खेळलात आणि तो दरवाजा बंद झाला.

पऱ्हाटी
१३. ... सी५ मी पाहिलं होतं. खरं सांगतो, डी५ एकटं पडेल या भीतीने सोडलं. लहानपणापासून "एकटं प्यादं नको" एवढंच डोक्यात बसलंय.

वहीतली_चाल
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते आणि मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेते. तुमचा डाव काल फळ्यावर मांडला. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, काळ्याने सी८ चा उंट आधीच का नाही बाहेर काढला?" प्रश्न साधा आहे, पण या ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या या सुरुवातीचं, सगळं दुखणं त्यातच आहे.

ई६ केलं की तो उंट स्वतःच्याच प्याद्यामागे अडकतो. ई×डी५ झाल्यावर वाट मोकळी होते, पण त्याला हवं ते घर एफ५. तिथे तो पांढऱ्याच्या डी३ च्या उंटाशी मारामारी करून जातो आणि काळ्याचं ओझं उतरतं. गुरुजींनी घोडा एफ३ नवव्या चालीपर्यंत रोखून ठेवला, त्यात हेच आहे. आधी उंट डी३ आणि वजीर सी२ करून एफ५ वर ताबा. घोडा लवकर एफ३ ला आला असता तर काळ्याला सी६ आणि उंट एफ५ निवांत जमलं असतं. या चालींच्या क्रमात फार मोठी समज आहे. मला तर गुरुजींना भेटावंसं वाटलं.

तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी उंट ई७ खेळणारेही आहेत. जी५ वर उंट आधीच रोखला जातो, मग पांढऱ्याला सी×डी५ नंतर उंट एफ४ ला न्यावा लागतो, आणि हा हल्ला इतका सुरळीत येत नाही. मुलांना मी आता हाच क्रम दाखवते.

पऱ्हाटी
ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी बारा वर्षं हे ओपनिंग काळ्याने खेळतोय आणि घोडा एफ३ उशिरा का आला, हा प्रश्न मला पडला नव्हता.

वहीतली_चाल
दिली. ती म्हणाली, पुढचा डावही पाठवा.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर माझ्या वर्गात मुली वाढल्या आहेत. पूर्वी पालक म्हणायचे, हे पुण्या-मुंबईचं. आता अमरावतीचा स्वप्निल धोपाडे, नागपूरचे रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या, ही नावं मुलांना पाठ आहेत. नागपूर आमच्यासाठी एसटीचा रस्ता आहे, ते दूर वाटत नाही.

काळा_उंट
या ओपनिंगला कंटाळवाणं म्हणणाऱ्यांसाठी एक. १९२७ साली ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन यांचा विश्वविजेतेपदाचा सामना ३४ डावांचा झाला, त्यातले ३२ डाव याच ओपनिंगचे, म्हणजे क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डचे होते. अलेखाइन ६-३ ने जिंकला, २५ बरोबरीत. आणि १९७२ ला रेक्याविकमध्ये, स्पास्कीविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात, जवळजवळ नेहमीच राजासमोरच्या प्याद्याने सुरुवात करणाऱ्या फिशरने सहाव्या डावात सी४ ने सुरुवात करून याच ओपनिंगमध्ये प्रवेश केला. डाव इतका देखणा झाला की हरलेला स्पास्कीही टाळ्या वाजवत होता. मी तो डाव दरवर्षी एकदा तरी पटावर खेळून काढतो.

अडाण_काठ
देशी बुद्धिबळाची गोष्ट निघालीच हाय तं सांगतो. मीर सुलतान खान. पंजाबातला माणूस, हिंदुस्थानी नियमाईवर वाढलेला, हे विलायती नियम मोठेपणी शिकला. तरी १९२९, १९३२ अन् १९३३ ले ब्रिटिश अजिंक्यपद त्यानं जिंकलं, अन् हेस्टिंग्जले १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकाले हरवलं. देशी खेळात प्यादं एकेक घर सरकते, तं सुरुवात धीमी, सगळी मोहरी आपल्याच मुलखात मांडायाची, अन् मग गाठ पडते. म्हणून असे बंद डाव आपल्या जुन्या लोकाईले जवळचे वाटतात. पऱ्हाटीभाऊ, तुमचे गुरुजीही पारावर शिकले असतीन, इचारून पाहा.

पऱ्हाटी
विचारलं, फोन केला होता. त्यांच्या वडिलांनी शिकवलं, देशीच. आंतरराष्ट्रीय नियम ते नोकरीला लागल्यावर शिकले.

एच७
सगळे ओपनिंगवर बोलताहेत. मला शेवटाबद्दल बोलायचंय, कारण तिथे अर्धा गुण नक्की होता.

राजा ई५, प्यादं डी५, हत्ती एच७ विरुद्ध राजा डी८, हत्ती बी१, चाल काळ्याची. ही फ्रेंच खेळाडू फिलिडोरच्या नावाने ओळखली जाणारी स्थिती आहे, १८ व्या शतकापासून माहीत असलेली. सोपी चाल एकच, हत्ती बी६. सहाव्या रांगेवर हत्ती बसवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला डी६ वर किंवा ई६ वर येताच येत नाही. मग हत्ती त्याच रांगेवर इकडे-तिकडे हलवत राहायचं. पांढऱ्याला पुढे सरकायचं तर प्यादंच डी६ वर ढकलावं लागतं. ते ढकललं की त्याच क्षणी हत्ती खाली पहिल्या रांगेला न्यायचा आणि मागून शह द्यायला लागायचं. डी६ वर आता प्यादं बसलंय, राजाला लपायला ते घर उरलेलं नाही. बरोबरी.

तुम्ही शह देण्याची घाई केली. प्यादं अजून पाचव्या रांगेवर होतं, म्हणून राजा त्याच्यापुढे डी६ वर जाऊन बसला. हत्ती तोच, शह तेच, दोन-तीन चाली आधी दिले एवढाच फरक.

त्यानंतरही एक संधी होती. राजा डी६ झाल्यावर ई८ ला न जाता सी८ ला जायचं होतं. डी फाईलच्या प्याद्यासाठी ए-बी-सी ही आखूड बाजू. राजाने आखूड बाजूला जायचं, म्हणजे हत्तीला लांब बाजू मोकळी राहते आणि आडवे शह लांबून देता येतात. राजा ई८ ला गेला की हत्तीला शह द्यायला ए, बी, सी एवढ्याच फाईल उरतात. तीन घरांच्या अंतरावर राजा चालत येऊन हत्तीला हुसकावतो.

सिंगापूरला डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश आणि डिंग लिरेनचा चौदावा डाव आठवा. बरोबरीकडे चाललेला शेवट, आणि ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला. हत्ती आणि उंट पटावरून उतरवून गुकेशने राजा-प्याद्यांचा शेवट जिंकला आणि तो जगज्जेता झाला. तिथेही थकवा आणि घड्याळ होतंच.

पऱ्हाटी
एच७, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हत्ती बी६. इतकं जवळ होतं. मला वाटत होतं शह म्हणजे काहीतरी करणं, आणि सहाव्या रांगेवर नुसतं थांबणं म्हणजे हार पत्करणं. ओपनिंगमध्ये वाट पाहिली तिथे पाहायची नव्हती, आणि शेवटी पाहायची तिथे पाहिली नाही.

काल रात्री वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडात पुतणीला घेऊन बसलो. ती दहावीला आहे. तिला काळा राजा आणि हत्ती दिला, मी पांढरा. फक्त "सहावी रांग" एवढंच सांगितलं होतं. दहापैकी सात वेळा तिने बरोबरी केली. ज्या तीन वेळा हरली, तिन्ही वेळा प्यादं डी६ वर गेल्यावर हत्ती खाली न्यायला विसरली. मग पट फिरवला. मी नऊ वेळा राखला.

अडाण_काठ
भाऊ, आता तुमी गुरुजीले परत बोलवा. ए५ करून.

पऱ्हाटी
बोलावलंय. येत्या रविवारी ते इकडे येताहेत, नातवाच्या मोटारसायकलवर. मी काळाच घेणार. ११. ... ए५ चं आणि घोडा ई४ चं पाठ करतोय. पाठ करतोय म्हणजे का खेळायचं ते वहीत शब्दांत लिहून काढतोय, चाली नव्हेत. डाव इथेच टाकेन.

वहीतली_चाल
नक्की टाका, आम्ही फळ्यावर मांडू. एक शंका, मुलांनीच काढली. १८ व्या चालीला नुसतं "हत्ती सी१" लिहिलंय. तो कुठला हत्ती, बी फाईलवरचा की एफ फाईलवरचा?

पऱ्हाटी
एफ चा. बी चा तेव्हा बी७ वर होता, ए७ वर डोळा ठेवून. वहीत दुरुस्त केलं.